आधी कलम 17 वाचा, मग भांडा

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत आम्हा दोघा मित्रांचं फॅब्रिकेशनचं युनिट आहे. 2014 पासून निम्मी-निम्मी भागीदारी, फर्म नोंदलेली. दोन वर्षांपासून भागीदार हिशोब दाखवत नाही. आता कळलं की बुटीबोरीत बायकोच्या नावानं त्यानं तसंच युनिट टाकलंय आणि आमची दोन मोठी गिऱ्हाइकं तिकडे वळवलीत. माझे किमान 60 लाख अडकलेत. करारनाम्यात लवादाचं कलम आहे (वाद कोर्टाऐवजी नेमलेल्या त्रयस्थानं निवडायचा), पण लवाद म्हणून नाव आमच्या सीएचं, आणि तो भागीदाराचा सख्खा साळा. कोणी म्हणतं पोलिसात जा, कोणी म्हणतं फर्म मोडल्याची नोटीस देऊन मोकळा हो. काय करू, मॅडम?

उत्तर : भाऊ, नमस्कार.

तुम्ही पाठवलेला करारनाम्याचा फोटो दोनदा वाचला. कलम 17 मध्ये ‘उभय भागीदार व भाडेकरू यांच्यातील कोणताही वाद’ असं लिहिलंय. हा भाडेकरू कुठून आला? ज्यानं करार टाइप केला त्यानं कुठल्यातरी भाडेपट्ट्यातून कलम उचललं आणि एक शब्द खोडायला विसरला. असे करारनामे आम्ही रोज पाहतो. घाबरू नका. वाद लवादाकडे न्यायचा हा इरादा त्या ओळीत स्वच्छ दिसतो, आणि कायद्याला तेवढं पुरतं.

पण त्याच ओळीमुळे तुमची कोर्टाची सरळ वाट बंद झाली आहे. उद्या दिवाणी दावा लावलात, तर समोरचा आपलं म्हणणं मांडण्याआधी लवाद कायद्याच्या कलम 8 खाली एक अर्ज टाकील आणि कोर्ट तुम्हाला लवादाकडेच धाडील. शिवाय 3 लाखांवरच्या व्यापारी वादात तातडीचा हुकूम मागायचा नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थी, म्हणजे त्रयस्थाच्या मदतीनं तडजोडीचा प्रयत्न, सक्तीची आहे. ‘पाटील ऑटोमेशन’ खटल्यात 2022 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की ही पायरी गाळलेला दावा फेटाळला जाईल.

पोलिसांचं म्हणाल, तर भागीदारानं फर्मचे पैसे घेतले एवढ्यावर विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा उभा राहणं कठीण. वेलजी राघवजी पटेल यांच्या खटल्यात, 1964 मध्येच, सर्वोच्च न्यायालयानं तसं म्हटलंय, कारण फर्मच्या पैशावर भागीदाराचाही हक्क असतो. तुमचा भागीदार उलट म्हणेल की फसवणुकीचा आरोप आहे, मग लवाद कसला? तेही चालणार नाही. तमिळनाडूतल्या एका हॉटेलच्या भागीदारीत भावाभावांत असंच झालं होतं. ‘अय्यासामी’ निकालात 2016 साली न्यायालयानं सांगितलं की हिशोबातल्या साध्या लबाडीचा आरोप लवादही तपासू शकतो.

फर्म मोडल्याची नोटीस मात्र आत्ता अजिबात देऊ नका. ज्यांनी हा सल्ला दिला त्यांचा हेतू चांगला असेल, पण त्यात नुकसान तुमचं आहे. तो भागीदार आहे तोवर भागीदारी कायद्याचं कलम 16 त्याच्या मानेवर आहे : फर्मशी स्पर्धा करणारा तसाच धंदा केला, तर त्यातला सगळा नफा फर्मला द्यावा लागतो. बायकोचं नाव पुढे असलं तरी धंदा खरा कोण चालवतो हे दाखवता येतं. कोटेशन कोणाच्या ईमेलवरून गेलं, माल कोणी उतरवला, सही कोणाची, हे गोळा करा. एकदा फर्म मोडली की पुढे तोच धंदा करायला तो बराचसा मोकळा होतो. आज जो त्याचा दोष आहे तो उद्या त्याचा हक्क होईल.

आता साळ्याचं. तुम्हाला वाटतंय नात्यामुळे तो बाद. गंमत अशी की नुसत्या नात्यानं तो बाद होत नाही. लवाद कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ‘जवळचे नातेवाईक’ म्हणजे नवरा-बायको, भावंडं, मुलं, आई-वडील. साळा त्यात नाही. पण त्याच परिशिष्टाची पहिलीच नोंद म्हणते की पक्षकाराचा सल्लागार किंवा ज्याचे पक्षकाराशी व्यावसायिक संबंध आहेत असा माणूस लवाद होऊ शकत नाही. तुमची पुस्तकं तोच लिहितो, भागीदाराचं रिटर्न तोच भरतो. तिथे तो अडकतो. करार 2014 चा आणि हे परिशिष्ट आलं 2015 च्या दुरुस्तीनं, तरी 23 ऑक्टोबर 2015 नंतर सुरू होणाऱ्या लवादाला ती लागू आहे. नाव गळलं तरी कलम गळत नाही. दुसरा लवाद नेमता येतो. एकच करू नका : वाद उभा राहिल्यावर ‘तुम्हीच काय ते बघा’ असं त्याला लेखी कबूल करू नका, व्हॉट्सॲपवरही नाही. तशी लेखी संमती दिली की हरकतीचा हक्क जातो.

करारनामा 100 रुपयांच्या स्टॅम्पवर आहे, तो कमी आहे. त्यानं लवादाचं कलम मरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठानं 13 डिसेंबर 2023 ला तो प्रश्न मिटवला; कमी पडलेलं मुद्रांक शुल्क आणि दंड भरून कागद पुराव्यात येतो. भरून टाका, नाहीतर पहिल्या तारखेला समोरचा वकील तेच उगाळत बसेल.

मी तुमच्या जागी असते तर मध्यस्थीनं सुरुवात केली नसती. शेवट मात्र मध्यस्थीत व्हावा असंच पाहिलं असतं. हिशोब ज्याच्या कपाटात, त्याच्याशी बोलणी करायला बसलात तर तो चहा पाजेल आणि दुसरीकडे माल हलवील. म्हणून आधी लवाद कायद्याचं कलम 9 : जिल्हा न्यायालयात अर्ज करून हिशोबाची पुस्तकं, यंत्रं आणि बँकेचं खातं सुरक्षित करा. मशिनरीची यादी करायला कोर्ट कमिशनर, म्हणजे कोर्टानं नेमलेला माणूस, मागा, खात्यावर दोघांच्या सह्या मागा. नागपुरात हा अर्ज जिल्हा न्यायालयात जातो. लवाद नेमायचा अर्ज, म्हणजे कलम 11, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात. दोन्ही सिव्हिल लाइन्समध्येच असली तरी दारं वेगळी आहेत. आणि कलम 9 चा हुकूम मिळाला की 90 दिवसांत लवाद सुरू झाला पाहिजे.

त्याच सुमारास कलम 21 ची नोटीस स्पीड पोस्टानं पाठवा. ती समोरच्याला मिळाली त्या दिवशी लवाद सुरू झाला असं धरतात, आणि दाद मागायच्या मुदतीचा हिशोबही त्या दिवसावर होतो. आपसात बोलणी चालू आहेत म्हणून तीन वर्षांची मुदत थांबत नाही, हे बऱ्याच जणांना फार उशिरा कळतं. नोटिशीत तुमच्याकडून दोन-तीन तटस्थ नावं सुचवा. 30 दिवसांत एकमत झालं नाही, तर खंडपीठ नेमील.

खर्चाचं पत्रात दोनदा विचारलंय. लवाद कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातल्या नमुना दरानं लवादाची फी 60 लाखांच्या दाव्याला 97,500 अधिक 20 लाखांवरच्या रकमेचे 3 टक्के, म्हणजे 2,17,500. लवाद एकटा असेल तर त्यावर 25 टक्के जास्त : 2,71,875. सहसा दोघांत निम्मे. वकील वेगळा. दोघांच्या लेखी कैफियती सहा महिन्यांत आणि त्यानंतर निवाडा बारा महिन्यांत, दोघांच्या संमतीनं आणखी सहा. दिवाणी दाव्याच्या मानानं हे भराभर आहे, तरी दीड-दोन वर्षं धरा.

म्हणूनच, हिशोब हाती आले की मध्यस्थी. लवाद तुम्हाला पैसे देववू शकतो. उद्या कोण कोणाला माल पुरवील हे तो ठरवत नाही. माझ्याकडे एकदा इतवारीतले दोन व्यापारी होते. माल, उधारी, गाळा सगळं तासाभरात वाटून झालं आणि महिनाभर अडलं ते दुकानाच्या जुन्या फोन नंबरावर. सगळं गिऱ्हाइक त्याच नंबरावर फोन करायचं. कायद्यात त्या नंबराची किंमत किती? मध्यस्थानं दोघांना वेगवेगळं बसवून एकच विचारलं : नंबर गेला तर वर्षाचं किती जाईल? दोघांनी चिठ्ठीवर आकडे लिहिले, आणि ज्यानं मोठा आकडा लिहिला त्यानं तो निम्मा दुसऱ्याला देऊन नंबर घेतला. तुमचा नंबर म्हणजे ती दोन गिऱ्हाइकं आहेत. ती परत येतील या भ्रमात राहू नका. त्यांची किंमत वसूल करा.

तडजोड लिहिताना एक जागा नीट सांभाळा. बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज, तुमच्या दोघांच्या वैयक्तिक हमीवर आहे. ‘यापुढे कर्ज भागीदार फेडील’ असं दोघांनी लिहिलं तरी बँकेला ते बंधनकारक नाही. बँक लेखी मोकळं करत नाही तोवर तुमची मान सुटत नाही. म्हणून बँकेचं पत्र हाती आल्यावरच तुमची सही. हिंगण्याचा प्लॉट कोणाकडे जाणार हे ठरेल, तेव्हा एमआयडीसीची मंजुरी कोण आणणार आणि खर्च कोणाचा, तेही त्याच कागदात लिहा. मग ती तडजोड लवादापुढे ठेवून कलम 30 खाली संमतीचा निवाडा करून घ्या. तो कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा वसूल होतो. नुसत्या स्टॅम्प पेपरवरच्या समझोत्याला ते बळ नसतं.

वकिलाकडे जाताना मूळ करारनामा, बँकेचं मंजुरीपत्र आणि त्या दोन गिऱ्हाइकांच्या जुन्या पर्चेस ऑर्डर घेऊन जा. फर्मच्या ईमेलचा पासवर्ड अजून तुमच्याकडे असेल, तर आज रात्रीच सगळं उतरवून ठेवा. भागीदार म्हणून फर्मचे कागद पाहण्याचा आणि त्यांच्या नकला घेण्याचा हक्क तुम्हाला कायद्यानंच दिलाय.