वाचकांचे प्रश्न : पुस्तकातल्या बाईच्या हातात कायम झाडूच का?

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी तुर्भ्याला रविवारी दुपारी कामगार बायकांना लिहायवाचायला शिकवतो. बऱ्याचजणी मार्केटात कांदा निवडायला जातात, दोघीतिघी एमआयडीसीत पॅकिंगला. कुणीतरी दिलेलं जुनं पुस्तक होतं, त्यात अंगठा लावणारी बाई फसते आणि शेवटी 'मी अडाणी' म्हणून रडते. तो धडा घेतला आणि पुढच्या रविवारपासून वर्गातली सगळ्यात हुशार मावशी यायचीच बंद झाली. आता नवीन पुस्तकं घ्यायचीयत, काय बघून घेऊ?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : ताई, आधी मावशीच्या घरी जाऊन चहा पिऊन या, पुस्तकाचं नंतर. जी बाई महिन्याभराचे खाडे आणि उचल तोंडपाठ ठेवते तिला अडाणी म्हणणारं पुस्तक सरळ रद्दीत घाला. सरकारनं सुद्धा २०२२ला नवीन साक्षरता योजना आणताना 'प्रौढ शिक्षण' सोडून 'सर्वांसाठी शिक्षण' म्हणायचं ठरवलं, आपली पुस्तकं मात्र अजून मोठ्या बायकांना 'शहाणी मुलगी' म्हणतात.

दुकानात उभ्याउभ्या फक्त चित्रं चाळा. झाडू कुणाच्या हातात, पेन कुणाच्या? साहेब नेहमी गोरा आणि पुरुष? सफाई कामगाराला नाव तरी दिलंय की नुसता 'कचरेवाला'? सगळी नावं एकाच जातीधर्माची असतील तर तुमच्या वर्गातली शबाना त्यात कुठे बसणार? आणि टाइप मोठा बघा, चाळिशी लागलेली असते, कितीतरीजणींना अक्षर येत नाही असं आपण समजतो आणि खरं तर दिसतच नसतं.

पण खरं सांगू, पहिले दोन महिने पुस्तक नसलं तरी चालतं. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरे या शिक्षणतज्ज्ञांनी १९६३च्या सुमारास मजुरांना त्यांच्याच रोजच्या शब्दांवरून शिकवलं, वीट म्हणजे 'तिजोलो', त्या शब्दाचे तुकडे पाडायचे आणि त्यातून नवे शब्द जुळवायचे. मी हे वागळे इस्टेटच्या एका वर्गात 'पगार' घेऊन केलं. पत्त्यांसारखी कार्डं मांडली, प, ग, र आणि एक काना. गार झालं, पार झालं, मग मागून एकीनं काना उचलून र ला लावला आणि 'राग' वाचलं, सगळा वर्ग हसून लोटपोट. एवढं काम 'अ अननसाचा'मधल्या अननसानं कधी केलं नसतं.

पॅकिंगवाल्यांना त्यांचीच पगाराची स्लिप वाचायला द्या, पीएफचे १२ टक्के, ईएसआयसीचा म्हणजे कामगार विम्याचा पाऊण टक्का कुठे कापला ते बोट ठेवून शोधू दे. फक्त कुणाचा पगार किती ते वर्गात उघडं पडू देऊ नका, आकडे बदलून नमुना स्लिप करा. कानडी बोलणारी कुणी असेल तर कांद्याला ती 'ईरुळ्ळी' म्हणेल, तेही फळ्यावर लिहा, हसण्यावारी नेऊ नका.

आणि गठ्ठा उचलायच्या आधी एकच प्रत आणून मावशीला दाखवा, चित्रं बघून तिनं नाक मुरडलं तर परत करा.