मी नाशिकचा, मराठी माध्यमातला. इंग्रजी शब्दसंग्रह वरच्या पातळीवर न्यायला रोज ५० शब्द पाठ करू का?

नको, रोज आठ-दहाच घ्या, पण प्रत्येक शब्द ज्या वाक्यात भेटला त्या वाक्यासकट वहीत उतरवा. मी नाशिकमध्येच मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. त्यांना अर्थ पाठ असतो, जागा चुकते. लासलगावला कांद्याची आवक वाढून भाव पडले, यावर एकाने ‘प्लेथोरा ऑफ ओनियन्स’ (प्लेथोरा म्हणजे भरमसाट प्रमाण) लिहिलं. व्याकरणात चूक नाही, पण माल तुंबतो तेव्हा इंग्रजी बातमीत शब्द येतो ‘ग्लट’. हे नुसता शब्दकोश घोकून अंगवळणी पडत नाही, इंग्रजी पेपरातलं बाजारभावाचं पान वाचून पडतं (आपल्याला विषय आधीच ठाऊक, त्यामुळे निम्मं काम झालेलं असतं). तयार यादी हवीच असेल तर भाषातज्ज्ञ ॲव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची ‘अकॅडमिक वर्ड लिस्ट’ (अभ्यासाच्या लिखाणात वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी) घ्या: ५७० शब्दकुटुंबं (म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची रूपं), जास्त वापरातली आधी. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने अर्थ झाकून तपासा. मात्र नेहमीच्या वापरातले साधारण २००० शब्द येतात असं धरूनच ती बनवली आहे. तेच कच्चे असतील तर आधी ते.