दुधाच्या दाढेत पू झालाय. ती पडणारच आहे, मग उपचार कशाला?

पडणार हे खरं, पण कधी? पुढचे दुधाचे दात साधारण 6-7 व्या वर्षी पडतात, मागच्या दाढा मात्र 10 ते 12 वर्षांपर्यंत लागतात. शिवाय त्या दाढेच्या मुळांच्या बेचक्यातच पक्का दात घडत असतो. वर पू साचून राहिला तर त्याच्या इनॅमलवर डाग किंवा खड्डे पडू शकतात.

हिरडीवर टाचणीच्या डोक्याएवढी पिवळसर पुटकुळी आहे का, बघा. ती फुटली की ठणका थांबतो आणि घरचे निश्चिंत होतात. इथेच फसगत होते! पूला वाट मिळालेली असते, इन्फेक्शन आत तसंच असतं. नुसत्या अँटिबायोटिकनेही ते मुळातून जात नाही.

नस वरवरच खराब असेल तर तेवढाच भाग काढतात (पल्पोटॉमी). मुळापर्यंत गेली असेल तर मुळं साफ करून विरघळणारी पेस्ट भरतात, कारण पुढे ती मुळंही झिजून जायची असतात. वर स्टीलची कॅप बसते. दाढ वाचण्यासारखी नसेल तर काढावी लागते; मग बहुतेकदा जागा राखणारी तार बसवतात, नाहीतर शेजारची दाढ सरकते.

गाल किंवा डोळ्याखाली सूज, ताप, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास असेल तर सकाळची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा. दुखण्यासाठी वजनानुसार पॅरासिटामॉल चालतं. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका, हिरडीवर ठेवूही नका.