‘पोरगी युथला येत नाही, मॅडम’

‘मॅडम, पोरगी चर्चला यायची बंद झाली. काहीतरी करा.’ जूनमध्ये कॉलेजं सुरू झाली की आणि नोव्हेंबरात कॅरोलची प्रॅक्टिस लागली की हे वाक्य समुपदेशक म्हणून माझ्याकडे हमखास येतं. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असो, कॅथलिक, मेथडिस्ट किंवा कुणाच्या हॉलमध्ये भरणारी नवी फेलोशिप. मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, बदलते, वाक्य तेच राहतं. मूल सतरा ते बावीस वर्षांचं असतं. लहानपणी संडे स्कूलमध्ये बायबलची वचनं घडाघडा म्हणणारं, युथमध्ये, म्हणजे मंडळीच्या तरुणांच्या गटात, गिटार नाहीतर कीबोर्ड वाजवणारं. आणि मग एका रविवारी सकाळी ते चादर डोक्यावर ओढतं.

अशा घरांसाठी एक अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलीला रिबेका म्हणू.

आधी आई एकटीच आली. तोवर पाळकसाहेबांना घरी बोलावून प्रार्थना झाली होती, मोबाइल काढून घेऊन झाला होता, युथच्या दादाला समजावायला पाठवलं होतं. ‘मैत्रिणी बिघडवून राहिल्या तिला,’ आई म्हणाली.

‘ताई, ती यायची बंद झाली त्याच्या आधी काय झालं होतं?’

‘काहीच नाही. उलट युथ कॅम्पमध्ये साक्ष द्यायला तिला निवडलं होतं. मान होता तो. ऐन वेळी पोट दुखतं म्हणून गेलीच नाही.’

साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं. आईवडील ज्याला ‘काहीच नाही’ म्हणतात, तिथे मी थांबते. ही सवय मला फार उपयोगी पडली आहे.

रिबेका आली ती हाताची घडी घालूनच. ‘तुम्ही मला परत पाठवणार ना?’

‘कुठे?’

‘चर्चला.’

‘ते माझं काम नाही. तुझ्यावर काय गुजरलं ते ऐकायला मी बसले आहे.’

हळूहळू कळलं. २०२१ चा एप्रिल, नागपुरात दवाखान्यात खाट मिळायची मारामार होती ते दिवस. तिची आजी, म्हणजे आईची आई, आजारी पडली. मंडळीने रात्रंदिवस प्रार्थनेची साखळी धरली. रिबेकाने पहाटे तीनची वेळ मागून घेतली होती. आजी गेली. त्याच आठवड्यात मंडळीतल्या दुसऱ्या एका घरचे वडील बरे होऊन आले आणि ‘विश्वासाने वाचले’ अशी त्यांची साक्ष झाली. रिबेकाने युथमध्ये विचारलं, ‘मग माझ्या आजीचं काय? आमचा विश्वास कमी पडला?’ उत्तर मिळालं, ‘अशा शंका सैतान घालतो.’

त्यानंतरही ती काही वर्षं जात राहिली, हे मी मुद्दाम सांगते. मग कॅम्पची साक्ष आली. तिने दोन पानं लिहिली. दादाने वाचून सांगितलं, छान आहे, फक्त शेवटचा भाग काढ. विजयाने संपव, म्हणजे लहान मुलांना उत्तेजन मिळेल. पोटदुखी तिथून सुरू झाली.

मी तिला विचारलं, तो शेवटचा भाग आईसमोर वाचशील का? पुढच्या वेळी दोघी आल्या. रिबेकाने फोन काढला आणि एका सुरात वाचून टाकलं: ‘आजीसाठी मागितलं ते मिळालं नाही. का, ते मला कोणी सांगितलं नाही. मी अजून रोज रात्री प्रार्थना करते. कोणी ऐकतं का, माहीत नाही.’

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘तू रोज प्रार्थना करते?’

‘हो. तेच तर सांगून राहिले होते.’

‘मला वाटलं, तू सगळं सोडलं.’

‘तू विचारलं कधी? तू फक्त “येते का” एवढंच विचारते.’

आणि मग आई, जी इतके दिवस फक्त मुलीविषयी बोलत होती, म्हणाली, ‘माझी तर आई होती ती. मी पण देवावर खूप रागावले होते. कोणाजवळ बोलले नाही.’

माझ्या मते सगळं काम त्या वाक्याने झालं. मी मध्ये एक शब्द बोलले नाही, आणि न बोलणं हे या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे असं मी मानते. मुलीला उत्तर नको होतं. आपला प्रश्न घरातल्या मोठ्या माणसालाही पडला होता, हे तिला हवं होतं.

जेम्स फाउलर यांनी १९८१ मध्ये श्रद्धेच्या वाढीचे टप्पे मांडले. किशोरवयातली श्रद्धा आपल्या माणसांकडून आलेली असते. पुढे ती स्वतः तपासून आपली करावी लागते. हा तपासण्याचा काळ बाहेरून हुबेहूब पाठ फिरवल्यासारखा दिसतो. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांना बायबलचा नवा करार मिळाला तो १८९३ मध्ये, नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत, एका सहप्रवाशाकडून. बाप्तिस्मा झाला १८९५ मध्ये. मधली वर्षं वाचनाची आणि प्रश्नांची होती. ज्यांची गीतं आपण दर रविवारी गातो, त्यांना हा वेळ लागला. आपल्या मुलांना आपण पुढच्या रविवारपर्यंतची मुदत देतो.

त्या युथच्या दादाशीही मी बोलले, रिबेकाच्या परवानगीने. मनाचा चांगला मुलगा आहे, नोकरी सांभाळून हे करतो. त्याला म्हटलं, बायबलमधलं स्तोत्र ८८ काढ आणि शेवट वाच. ते अंधारातच संपतं. विजय नाही, स्तुतीची ओळ नाही. तरी कुणी ते शास्त्रातून काढलं नाही. बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडला तेव्हा तो गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता, हेही लूकने लिहून ठेवलं आहे.

आईबाबांना माझं सांगणं असं: हजेरी विचारू नका, ‘सध्या कशाची प्रार्थना करतेस’ हे विचारा, आणि उत्तर आलं तर लगेच वचन सांगू नका. स्वतःच्या शंकेची एखादी खरी गोष्ट सांगा. मंडळीत आईबाबांखेरीज एक मोठं माणूस असं शोधा, जे ऐकेल आणि घरी येऊन चुगली करणार नाही. युथ चालवणाऱ्यांनी साक्ष आधी तपासायची पद्धत बंद करावी. आणि गप्पपणाबरोबर झोप, भूक उडाली असेल, मरणाची भाषा येत असेल, तर तो श्रद्धेचा विषय समजून प्रार्थनेवर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

रिबेका आता काही रविवारी जाते, काही रविवारी नाही. पुढच्या कॅम्पमध्ये दादाने एक सत्र फक्त प्रश्नांसाठी ठेवलं आणि ते चालवायला तिलाच बोलावलं. तिने विचार करायला वेळ मागितला आहे. ‘ती कीबोर्डवर परत कधी बसेल?’ असं आईने मला विचारलं. मी म्हटलं, ताई, हे तिला वर्षभर तरी विचारू नका.