शेततळ्यातले मासे : आधी मोजा, मग ओता

या वेळी दोन तऱ्हेचे प्रश्न आले आहेत. एक शेततळ्यात मासे सोडलेल्या शेतकऱ्यांचे, नेहमीचे. दुसरे कृषी तंत्रनिकेतनांतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांचे, ज्यांना मत्स्यपालनाच्या कौशल्य स्पर्धेत उतरायचं आहे. उत्तरं एकत्रच देतो. पाण्याचं घनफळ काढा, ऑक्सिजन मोजा, मासे तोला, खाद्य ठरवा ही स्पर्धेची कामं शेततळ्यावर कुणी करत नाही, आणि ती उणीव मग दुकानातल्या बाटल्यांनी भरून काढली जाते.

प्रश्न (विद्यार्थी) : ३० × ३० × ३ मीटरच्या तळ्यात औषधाची मात्रा काढायची होती. मी २७०० घनमीटर पाणी धरलं. सरांनी उत्तर चूक दिलं. का?

उत्तर : सरांचं बरोबर आहे. शेततळं म्हणजे हौद नव्हे, त्याच्या बाजूंना उतार असतो. उतार १:१ असेल तर वर ३० मीटर रुंद असलेलं तळं बुडाशी २४ मीटरच उरतं. काठोकाठ भरलं तरी पाणी २१९६ घनमीटर. पाण्याची खोली दोन मीटर असेल तर १३५५, दीड मीटर असेल तर ९७६ आणि एक मीटर असेल तर फक्त ६२५ घनमीटर. हे आकडे पाठ करा. घरच्या तळ्यालाही लागतील.

मात्रेचं गणित सरळ आहे. दशलक्षात एक भाग म्हणजे एका घनमीटरला एक ग्रॅम. समजा पोटॅशियम परमँगनेट दशलक्षात २ भाग द्यायचं आहे. २७०० घनमीटर धरले तर ५ किलो ४०० ग्रॅम होतं. मार्चमध्ये दीड मीटर पाणी उरलेलं असताना खरी गरज १ किलो ९५० ग्रॅमची. म्हणजे पावणेतीन पट औषध पाण्यात गेलं, आणि सकाळी मासे मेले की दोष रोगावर ढकलला जातो. दुकानदार 'तळं केवढं?' एवढंच विचारतो. 'आज पाणी किती?' हे विचारणारा क्वचितच भेटतो. जो विचारत नाही त्याच्याकडून मात्रा घेऊ नका.

खोली मोजतानाही गफलत होते. टेप उतारावर टेकवून दीड मीटर भरलं तर खरी खोली एक मीटर सहा सेंटीमीटर असते. तळ्याच्या प्लॅस्टिक कागदावर उतारालगत दर ७१ सेंटीमीटरला रंगाने खूण करा. प्रत्येक खूण म्हणजे अर्धा मीटर खोली. हे काम तळं रिकामं असताना करा आणि कमरेला दोर बांधून करा. ओल्या कागदावर पाय सुटला तर पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. काठावर गाठी मारलेले दोर कायम सोडलेले असावेत.

प्रश्न (शेतकरी) : दोन दिवस ढगाळ आहे. पहाटे सगळे मासे वर येऊन तोंड उघडतात. दुकानातून ऑक्सिजनच्या गोळ्या आणल्या. किती टाकू?

उत्तर : आधी खाद्य बंद करा. आजच, पूर्ण बंद. मग पंप लावून तळ्याचंच पाणी उंचावरून तळ्यातच फवाऱ्यासारखं पाडा. स्प्रिंकलरचं नोझल किंवा भोकं पाडलेला पाइपही चालेल. बोअरचं पाणी सोडायचं असेल तर तेही हवेतून पाडत सोडा. बोअरच्या पाण्यात मुळात ऑक्सिजन कमी असतो, पाइप बुडवून सोडलंत तर फायदा नाही.

गोळ्या तासाभराचा आधार देतात, तोही मूठभर माशांना. पूर्ण तळ्याला पुरतील एवढ्या गोळ्यांच्या पैशांत डिझेल येतं. 'गॅस काढणारं' म्हणून जे द्रव विकतात त्याने ऑक्सिजन वाढत नाही.

कारण समजून घ्या. दिवसा शेवाळ उन्हात ऑक्सिजन तयार करतं, रात्री तेच शेवाळ तो वापरतं. म्हणून सूर्योदयाच्या आधी पाण्यात सगळ्यात कमी ऑक्सिजन असतो. ढगाळ दिवशी दिवसाची कमाईच होत नाही. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर निर्धास्त राहा. ३ च्या खाली मासा वर येतो. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) असेल तर मध्यरात्रीपासून ऊन पडेपर्यंत चालवा. दुपारी दोनला एरेटर फिरवून पाहुण्यांना दाखवणारे पुष्कळ आहेत. त्या वेळी पाण्यात ऑक्सिजन आधीच भरपूर असतो.

प्रश्न (शिक्षक) : विरघळलेल्या ऑक्सिजनच्या चाचणीत मुलांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. सराव कसा घ्यावा?

उत्तर : रसायनं बदलू नका, हात बदला. चूक बहुतेक वेळा बाटली भरतानाच होते. बाटली पाण्याखाली तिरपी धरून सावकाश भरा, बुडबुडा राहू देऊ नका, झाकण पाण्याखालीच लावा. एक बुडबुडा अडकला तरी आकडा वर जातो. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड हे दोन्ही पिपेटचं टोक पाण्यात बुडवून सोडा, वरून थेंब टाकू नका. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. ॲसिड घालून साका विरघळवा, २०० मिलिलिटर घ्या आणि ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेशन करा, म्हणजे रंग जाईपर्यंत ते थेंबाथेंबाने सोडा. द्रावण वाळल्या गवतासारखं फिकट पिवळं झाल्यावरच स्टार्च घाला. पोरं घाईत आधीच स्टार्च घालतात आणि मग निळा रंग नीट जात नाही. निळा रंग पहिल्यांदा जाईल तिथे थांबा, नंतर तो परत आला तरी मोजू नका. या प्रमाणात एक मिलिलिटर थायोसल्फेट म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम ऑक्सिजन.

दुसरी चूक वेळेची. सकाळी दहाला काठावरून घेतलेलं पाणी नेहमी पास होतं. सराव पहाटे साडेपाचला घ्या, काठापासून दूर आणि पाण्याच्या मध्यावर. शक्य असेल तर गावातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या तळ्यावर घ्या आणि आकडा त्यालाही लिहून द्या. शेतकऱ्यांनाही सांगतो : जवळच्या विद्यालयाची पोरं किट घेऊन आली तर त्यांना तळ्यावर येऊ द्या. दुकानदाराचा माणूस माल विकायला येतो, पोरं मोजायला येतात.

प्रश्न (शेतकरी, द्राक्षबाग) : पाणी हिरवंगार झालं आहे, ड्रिपचे फिल्टर चोक होतात. मोरचूद टाकायला सांगितलं आहे.

उत्तर : मासे असलेल्या तळ्यात मोरचूद टाकू नका. मोरचुदातलं तांबं माशांना विषारी आहे, आणि पाण्याची क्षारता कमी असेल तर आणखीच. त्यातूनही मासे वाचले तरी शेवाळ एकदम मरतं, कुजतं आणि उरलासुरला ऑक्सिजन खातं. औषधाने न मेलेले मासे दुसऱ्या पहाटे गुदमरून मरतात.

हिरवं पाणी किती हिरवं हे आधी मोजा. २० सेंटीमीटर व्यासाची पत्र्याची गोल चकती घ्या, तिचे चार भाग आलटून पालटून काळे-पांढरे रंगवा, मध्ये दोरी बांधून सोडा. दिसेनाशी होते तिथली खोली २५ ते ४० सेंटीमीटर असेल तर पाणी माशांना चांगलं आहे, हात लावू नका. २० च्या आत आली तर शेण आणि खत पूर्ण बंद, खाद्य निम्मं, आणि बागेला पाणी याच तळ्यातून देऊन वरून ताजं पाणी घ्या. पुढच्या वर्षी बिजात, म्हणजे सोडायच्या पिल्लांत, सिल्व्हर कार्प हा शेवाळ खाणारा मासा थोडा घ्या. फिल्टर चोक होण्यावर इलाज फिल्टर धुणं हाच आहे. वाळूच्या फिल्टरमधून पाणी उलट्या दिशेने सोडून तो धुवा.

बागेच्या फवारणीचं भान ठेवा. पंपाची टाकी तळ्याच्या काठावर धुऊ नका. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं लिटरला काही मायक्रोग्रॅम इतक्या अल्प प्रमाणातही मासे मारतात. वारा तळ्याकडे असेल तर त्या दिवशी फवारणी नको.

प्रश्न : दर महिन्याला चुना टाकावा असं सांगतात. तळं काळ्या मातीत आहे.

उत्तर : कशाला? काळ्या मातीतलं पाणी बहुतेक वेळा आधीच अल्कधर्मी असतं. सामू (पीएच) पहाटे आणि दुपारी तीन-चारला असा दोनदा मोजा. दुपारी शेवाळामुळे तो चढतो, ९ च्या पुढेही जातो. अशा पाण्यात चुना घालणं म्हणजे संकट विकत घेणं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. २५ अंश तापमानात सामू ७ असताना त्यातला एक टक्काही विषारी रूपात नसतो, ८ ला पाच टक्के, ९ ला एक तृतीयांशाहून जास्त. चुना टाकून सामू वर नेला की तेच पाणी, तोच अमोनिया, पण विष कितीतरी पट.

सामू पहाटे ७ च्या खाली असेल तरच चुना. मासे असताना फक्त कृषी चुना (चुनखडीची पूड), तोही थोडा आणि पाण्यात कालवून. कळीचा चुना किंवा विरलेला चुना मासे असलेल्या तळ्यात कधीच नाही. तो रिकाम्या तळ्याच्या तयारीसाठी आहे. प्लॅस्टिक कागदाच्या तळ्यात तर माती पाण्याला लागतच नाही. 'माती सुधारण्यासाठी चुना' असं तिथेही सांगणारे आहेत, त्यांना कागद दाखवा.

प्रश्न : ७०० बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) सोडली. दुकानदार म्हणतो रोज चार किलो खाद्य टाका, मासे लवकर किलोचे होतील. बरोबर?

उत्तर : मासे किती जगले आणि सरासरी वजन किती हे त्याला माहीत आहे का? तुम्हाला आहे का? नसेल तर चार किलो हा आकडा त्याच्या विक्रीचा आहे.

दर पंधरा दिवसांनी फेकजाळं टाका, पंचवीस-तीस मासे धरा, बादलीसकट तोला, बादली-पाण्याचं वजन वजा करा, सरासरी काढा. समजा ८० टक्के जगले, म्हणजे ५६० मासे, सरासरी १५० ग्रॅम. एकूण ८४ किलो. तीन टक्क्यांनी रोज अडीच किलो खाद्य झालं. चार टाकलं तर दीड किलो रोज कुजतं. पैसे जातात, अमोनिया होतो, पाणी हिरवं होतं आणि वरचे सगळे प्रश्न याच दीड किलोतून येतात. बोटुकली लहान असताना पाच टक्के, मोठ्या माशांना दोन ते तीन. डिसेंबर-जानेवारीत पाणी थंड झालं की मासा कमी खातो. खाद्य निम्म्याखाली आणा, आणि पहाटे नको, ऊन तापल्यावर द्या.

नमुना तोलण्याचा कंटाळा करू नका. एवढं एक काम नेमाने केलंत तर खाद्याचा खर्च आटोक्यात येतो आणि रोगही वेळेवर दिसतो, कारण मासा हातात येतो. स्पर्धेत विद्यार्थ्यांचे गुण इथेच जातात : मासा कोरड्या हाताने धरतात, तराजूवर तडफडू देतात आणि फक्त मोठे मासे निवडून तोलतात. हात ओले करा, जाळ्यात येतील ते सगळे तोला.

प्रश्न : माशांच्या अंगावर उवा दिसतात. जनावरांच्या गोचिडाचं औषध चालेल का?

उत्तर : नाही. गोचिडांची बरीच औषधं वर सांगितलेल्या पायरेथ्रॉइड गटातलीच असतात. उवा मरतील, मासेही मरतील.

ही उवेची जात अंडी कठीण पृष्ठभागावर चिकटवते, त्याचाच उपयोग करा. आठ-दहा बांबूचे तुकडे पाण्यात उभे सोडा, दर आठवड्याला काढून कडक उन्हात वाळवा, परत सोडा. दोन महिने सातत्य लागेल. ज्या माशांवर जास्त उवा आहेत आणि जे विक्रीयोग्य आहेत ते आधी काढून विका. त्यावरही आटोक्यात येत नसेल तर दोन-तीन मासे जिवंत, पाण्यासकट, मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्याला किंवा जवळच्या मत्स्य महाविद्यालयात दाखवा. मराठवाड्यात उदगीर, विदर्भात नागपूर, कोकणात रत्नागिरीजवळ शिरगाव. औषध लेखी घ्या आणि विक्रीआधी किती दिवस थांबायचं तेही लिहून घ्या. दुकानातून अँटिबायोटिक आणून खाद्यात मिसळणं बंद करा. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांना मत्स्यपालनात बंदी आहे.

प्रश्न : बीज कुठलं घ्यावं? अनुदान आहे का?

उत्तर : कटला, रोहू, मृगळ. स्वस्त 'मिक्स' बीज घेऊ नका. कटल्याच्या भावात भलतंच गळ्यात पडतं. कटल्याचं डोकं मोठं, तोंड वर वळलेलं आणि मिशा नसतात. रोहूचा खालचा ओठ झालरीसारखा. मृगळ लांबट, तोंड खाली. थाई मांगूरला बंदी आहे, कुणी 'लवकर वाढतो' म्हणून आणून दिला तरी सोडू नका. कागदाच्या तळ्यात दर चौरस मीटरला एकापेक्षा जास्त बोटुकली नको, एरेटर नसेल तर अर्धीच. पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग तळ्याचं पाणी थोडं थोडं पिशवीत घ्या, मासे आपणहून बाहेर जाऊ द्या. थेट ओतलं तर बरंच बीज त्या रात्रीच जाऊ शकतं, आणि ते बुडाशी राहिल्याने कळतही नाही.

अनुदान प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत आहे : सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. किसान क्रेडिट कार्डही मत्स्यपालनाला मिळतं. योजना अजून चालू आहे का, चालू वर्षाचे निकष आणि अर्ज जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात विचारा. पूर्वसंमती हातात येण्याआधी जाळी, एरेटर, कागद काहीही विकत घेऊ नका, दुकानदार 'बिल मागच्या तारखेचं करून देतो' म्हणाला तरी.