बुडीत खात्यातली बोली

पाच लिटरचा प्रेशर कुकर ऑनलाइन लिलावात ६३ रुपयांत मिळाल्याची हकिकत त्या गृहस्थांनी समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत मला दोनदा सांगितली, आणि दोन्ही वेळा शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीने मान खिडकीकडे वळवली. ही हकिकत काही वर्षांपूर्वीची आहे आणि ओळख पटू नये एवढे तपशील मी बदलले आहेत. कुटुंब इंदूरच्या रामबागेतले. गृहस्थांची तीस वर्षे तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधल्या एका पेढीवर हिशेब लिहिण्यात गेलेली. निवृत्तीनंतर ते रात्री अकराला, घर झोपल्यावर, गॅलरीत मोबाइल घेऊन बसू लागले. पुण्याच्या मुलाने सहज म्हणून बँकेचे स्टेटमेंट पाहिले, तेव्हा चार महिन्यांत ५८,००० रुपये एकाच संकेतस्थळाकडे गेल्याचे दिसले आणि तो फोनवर बोलून गेला, "बाबा, हा जुगार आहे."

तो शब्द त्यांच्या जिव्हारी लागला होता. "ताई, आमच्याकडे पत्ते निघतात ते गणपतीच्या जागरणाला, तेही बिनपैशाचे. मी वस्तू घेत होतो, त्याला जुगार कसं म्हणायचं?" पत्नीचे म्हणणे तिसरेच होते: "मला वाटतं ह्यांना कोणीतरी फसवलंय." खरेदी, जुगार की फसवणूक, हा प्रश्न मला इतरांनीही विचारला आहे; एकाच घरात त्याची तिन्ही उत्तरे मात्र मी तेव्हाच ऐकली.

या प्रकाराला पेनी ऑक्शन म्हणतात. वस्तूची किंमत शून्यापासून सुरू होते, प्रत्येक बोलीने ती अगदी थोडी चढते आणि बोली लागताच घड्याळ काही सेकंदांनी पुढे सरकते. घड्याळ शून्यावर येताना ज्याची बोली शेवटची, त्याला वस्तू त्या चढलेल्या किमतीत मिळते. इथवर हे चोइथराम मंडीतल्या कांद्याच्या लिलावासारखेच वाटते, आणि त्यांनीही मला तोच दाखला दिला. मी त्यांना विचारले, "मंडीत ढीग दुसऱ्याने नेला, तर तुम्ही काय देऊन घरी जाता?" ते म्हणाले, "काहीच नाही." इथे मात्र बोली लावण्याचेच पैसे पडतात आणि ते हरणाऱ्याला परत मिळत नाहीत. त्यांच्या संकेतस्थळावर एका बोलीला १० रुपये पडत आणि वस्तूची किंमत १० पैशांनी वाढे.

हिशेबनिसाला हिशेबच दाखवावा म्हणून मी त्यांच्याकडून एक लिलाव कागदावर मांडून घेतला. बाजारात सुमारे २४,००० रुपयांना मिळणारा एक फोन ४३६ रुपये २० पैशांना गेला होता. किंमत दर बोलीला १० पैसे चढते, म्हणजे एकूण ४,३६२ बोल्या लागल्या; त्यांचे ४३,६२० रुपये आणि वर विजेत्याने भरलेले ४३६, म्हणजे २४,००० च्या फोनवर कंपनीकडे ४४,००० च्या वर रक्कम जमली. त्यांतल्या ३१२ बोल्या, म्हणजे ३,१२० रुपये, आमच्या गृहस्थांचे होते आणि त्यांच्या हाती काही आले नव्हते. बेरीज त्यांनी दोनदा तपासली. नंतर बराच वेळ ते पेनचे टोपण लावत आणि काढत बसले.

हा खेळ संगणकाच्या आधीपासून कागदावर होता. मार्टिन शुबिक या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये एका डॉलरच्या लिलावाचे कोडे मांडले: सर्वांत वरची बोली लावणाऱ्याला डॉलर मिळतो, पण दुसऱ्या क्रमांकाच्या माणसालाही आपली रक्कम भरावी लागते. त्यामुळे हरू नये म्हणून दोघे चढत जातात आणि एका डॉलरसाठी डॉलरहून अधिक मोजतात. पुढे २००५ मध्ये जर्मनीत सुरू झालेल्या आणि स्वूपो या नावाने गाजलेल्या संकेतस्थळाने असाच सापळा धंद्यात आणला. त्याच्या मूळ कंपनीच्या नावातच 'मनोरंजन' आणि 'खरेदी' हे दोन्ही शब्द होते, आणि २०११ मध्ये ते बंद पडले. मनोरंजनाचा उल्लेख करणारी कंपनी माझ्या मते निदान अर्धे खरे बोलत होती.

आता त्या तीन शब्दांकडे येते. हरलेल्याला बोल्यांचे पैसे वजा करून तीच वस्तू छापील किमतीत घेता येत असेल आणि ती किंमत फुगवलेली नसेल, तर हा प्रकार खरेदीच्या जवळ जातो. बोल्या लावणारी 'माणसे' कंपनीचेच प्रोग्राम असतील, किंवा जिंकलेली वस्तू घरी पोहोचतच नसेल, तर ती सरळ फसवणूक आहे आणि त्यासाठी सायबर गुन्ह्यांचा १९३० हा क्रमांक आहे. या दोहोंच्या मधला मोठा भाग जुगारासारखा चालतो. घड्याळ तीन सेकंदांवर असताना कोणी बोली लावली की 'थोडक्यात हुकलं' असे वाटते, आणि अधूनमधून लागलेला एखादा कुकर पुढच्या कित्येक रात्री पुरतो. कायद्याची व्याख्या हा वकिलाचा विषय. मी माणसाचे वागणे पाहते. हे गृहस्थ रक्कम लपवत होते, पत्नीच्या मोबाइलवरून पैसे भरत होते, रात्री दोनला उठत होते आणि गेलेले परत मिळवण्यासाठी आणखी घालत होते. जुगाराचे व्यसन असलेल्यांत मी नेमके हेच पाहते.

तरीही मी त्यांना जुगारी म्हटले नाही. त्या शब्दाने मुलाचे आणि त्यांचे बोलणे आधीच बंद झाले होते. शिवाय शब्दावर वाद घालण्यात बोल्यांचा विषय बाजूला पडत होता. मी त्यांच्या पेढीबद्दल विचारले. खरगोनकडच्या एखाद्या व्यापाऱ्याची उधारी बुडाली की काय करायचे? "बुडीत खात्यात टाकायची." मग ती वसूल व्हावी म्हणून त्यालाच पुन्हा उधारीवर माल पाठवायचा का? ते हसले, "असं केलं असतं तर शेठजींनी मला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं." हसू ओसरल्यावर ते आपण होऊन म्हणाले, "त्या ३१२ बोल्या बुडीतच होत्या. मी त्या वसूल करायला तीनशे तेरावी लावत होतो."

बाकीचे उपाय साधे होते. यूपीआयची रोजची मर्यादा कमी केली, रात्री दहानंतर मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचे ठरले, आणि हे दोन्ही पत्नीशी बोलून केले, कारण लपवाछपवी तिच्याशीच झाली होती. मुलाला त्यांनी स्वतः फोन केला. मी सुचवली ती फक्त वही: घेतलेला प्रत्येक बोली-संच, म्हणजे आगाऊ पैसे भरून घेतलेल्या बोल्यांचा गठ्ठा, नावे आणि मिळालेली प्रत्येक वस्तू बाजारभावाने जमा. आजवर त्यांनी जिंकलेल्या वस्तूंचीच नोंद ठेवली होती, बोल्यांची एकही नाही. तीस वर्षे दुसऱ्याची पै न पै लिहिणाऱ्या माणसाकडून हे व्हावे, याचे मला आश्चर्य वाटले होते. आता तेवढे वाटत नाही.

तिसऱ्या भेटीत त्यांनी वही उघडून माझ्यापुढे ठेवली. ५८,००० च्या समोर कुकर, इअरफोन आणि पॉवरबँक मिळून जेमतेम ४,५०० जमा होते. त्याखाली मागच्या रविवारची ४९९ रुपयांची एक नोंद होती. तो संच घेतल्याचे त्यांनी पत्नीला सकाळीच सांगितले होते. नोंद लाल शाईत होती आणि पुढे, पेढीवरच्या त्याच वळणदार अक्षरात, 'बुडीत' असे लिहिले होते. त्यातल्या अकरा बोल्या वापरायच्या राहिल्या होत्या. त्यांचे काय करायचे, असे त्यांनी मला विचारले नाही.