उपकेंद्राचे कुलूप आणि हजेरीचे यंत्र

प्रश्न : आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्राला आठवड्यातले बरेच दिवस कुलूप असते. हजेरीचे यंत्र बसवावे, असा ठराव ग्रामसभेत येणार आहे. अशा यंत्रामुळे कर्मचारी खरोखर कामावर येऊ लागतात का? – एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : काही महिने येतात. पुढचे सारे वरिष्ठ कार्यालयावर अवलंबून असते, असे राजस्थानातील उदयपूर जिल्ह्याचा अनुभव सांगतो.

तेथे 2002-03 मध्ये अभिजित बॅनर्जी, अँगस डीटन आणि एस्थर दुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी ग्रामीण आरोग्यसेवेची पाहणी केली. वर्षभर दर आठवड्याला भेटी दिल्या, तेव्हा कामाच्या वेळेत उपकेंद्रे 56 टक्के वेळा बंद आढळली. ‘सिस्टर गृहभेटींना गेल्या असतील’ असे आपल्याकडेही म्हटले जाते आणि ते पुष्कळदा खरेही असते. पण उदयपूरमध्ये अशा बंद वेळी परिचारिका आपल्या हद्दीतील एखाद्या गावात सापडण्याचे प्रमाण अवघे 12 टक्के होते. शिवाय उपकेंद्र कोणत्या दिवशी उघडे असेल याचा काही नेम नसल्यामुळे, मैलभर चालून कुलूप पाहण्यापेक्षा पैसे मोजून खासगी, अनेकदा अप्रशिक्षित डॉक्टरकडे गेलेले बरे, असे लोकांनी ठरवून टाकले होते. त्यांना दोष कसा द्यावा?

पुढे 2006 मध्ये ‘सेवा मंदिर’ या संस्थेने जिल्हा प्रशासनाच्या सहकार्याने काही उपकेंद्रांत तारीख-वेळ छापणारी यंत्रे दिली. परिचारिकेने ठरलेल्या दिवशी तीन वेळा हजेरीचा शिक्का उमटवायचा आणि निम्म्याहून अधिक गैरहजेरी भरली तर आरोग्य विभागाने वेतन कापायचे, अशी योजना होती. पहिल्या सहा महिन्यांत हजेरी स्पष्टपणे वाढली. परंतु सुमारे सोळा महिन्यांनंतर यंत्र असलेल्या आणि नसलेल्या उपकेंद्रांत फरक उरला नाही. गैरहजेरीची नोंद मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. वाढले ते ‘सूट’ मिळालेले दिवस: बैठक, सर्वेक्षण, अन्य शासकीय काम अशा कारणांनी वरिष्ठच मुभा देत गेले आणि वेतनकपातीची तरतूद कागदावर राहिली. हजेरी वाढली त्या काळातही रुग्णांची संख्या फारशी वाढली नाही, हे मला अधिक बोलके वाटते.

सहा देशांत अचानक भेटी देऊन केलेल्या एका मोठ्या अभ्यासात (2006) सरासरी 35 टक्के आरोग्य कर्मचारी जागेवर आढळले नव्हते, त्यामुळे हा दोष एका जिल्ह्याचा म्हणता येणार नाही. तसेच एकाच परिचारिकेवर लसीकरण, गृहभेटी, बैठका आणि नोंदवह्या सोपवून उपकेंद्रही रोज उघडे राहावे, अशी अपेक्षा करणारी रचनाही निर्दोष नाही.

म्हणून ठरावात यंत्राबरोबर आणखी दोन मागण्या घालाव्यात. उपकेंद्र निश्चितपणे उघडे राहण्याचे वार आणि वेळ दारावर लिहिलेली असावी, आणि त्या वेळी परिचारिकेला अन्यत्र बोलावल्यास बोलावणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व कारण गावातील आरोग्य समितीला दरमहा लेखी कळवावे.